एका झांकलेल्या रोगाचा इतिहास

देवी, पटकी आणि प्लेग यांचा इतिहास लिहूं पाहणारास साधनांची वाण पडत नाहीं. सरकारी अहवाल आहेत, नगरपालिकांचीं दप्तरें आहेत, आणि दुसरें कांहीं नसलें तरी गांवाच्या शिवेवर एखाद्या देवीचें देऊळ तरी उभें असतेंच. मूळव्याधीचें तसें नाहीं. ज्या घरांत हा रोग पिढ्यानुपिढ्या नांदला, त्या घरच्या जुन्या पत्रव्यवहारांतहि त्याचा नांवानिशीं उल्लेख सहसा व्हावयाचा नाहीं. झालाच तर उष्णता वाढली आहे, प्रकृति ठीक नाहीं, अशा आडपडद्यानें व्हावयाचा. पुरुष हा रोग मित्रापासून लपवितो आणि स्त्री तो नवऱ्यापासूनहि लपविते. या रोगानें प्रत्यक्ष जितकीं माणसें दगावलीं असतील त्याहून अधिक माणसें, त्याच्या नांवाखालीं दुसराच कांहीं रोग झांकला गेल्यामुळें दगावलीं असावींत, असा माझा समज आहे. म्हणून हा इतिहास जुळवून पाहण्यासारखा वाटतो.

कोंकणांत या रोगाचें नांव जितकें झांकलेलें, तितकेंच त्याचें औषध उघड्यावर आहे. सावंतवाडीहून वेंगुर्ल्याकडे उतरूं लागलें म्हणजे वैशाखांत डोंगरउतारांवर पांढऱ्या फुलांनीं लहडलेलीं झुडपें दिसतात, तीं कुड्याचीं. संस्कृतांत हाच कुटज; मेघदूतांतील यक्षानें मेघाचें स्वागत केलें तें याच फुलांनीं. त्याच्या कोंवळ्या शेंगांची भाजी पावसाच्या तोंडीं घरोघर होते आणि साल उगाळून किंवा काढा करून रक्त पडण्यावर दिली जाते. परसांत सुरण असतोच. त्याला संस्कृत वैद्यांनीं 'अर्शोघ्न' असें सरळ नांवच देऊन टाकलें आहे. आमसूल घालून त्याची खाज मोडावयाची हें कोंकणांतल्या कोणत्याहि गृहिणीस शिकवावें लागत नाहीं. आणि ताक तर काय, सर्वांनाच ठाऊक. तेव्हां वैद्याकडे जाऊन लाज सोडण्याचा प्रसंग सहसा येत नसे. स्वयंपाकघरांत दोन शब्द कुजबुजले कीं दुसऱ्या दिवशीं पानांत सुरण यावयाचा, आणि कां आला हें कोणी विचारावयाचें नाहीं.

कुड्याची कीर्ति मात्र येथल्या डोंगरांपुरती राहिली नाहीं. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकांत डचांनीं वखार घातली. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. त्याच डच कंपनीचा मलबारांतील अधिकारी व्हान रीड यानें तेथील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. तो 1678 पासून 1693 पर्यंत आम्स्टरडॅम येथें बारा खंडांत छापून निघाला. या ग्रंथाच्या कामीं इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे कोचीनचे तीन गौड सारस्वत वैद्य होते, आणि त्यांचें प्रमाणपत्र देवनागरी अक्षरांत त्यांत छापलेलें आहे. कुड्याचें चित्र व वर्णन या ग्रंथाच्या पहिल्याच खंडांत सांपडतें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. कुड्याची साल रक्ती आंवेवर गुणकारी आहे, आणि तिच्यांतील अल्कलॉइड द्रव्य आंवेच्या जंतूंवर चालतें हें पुढें प्रयोगांनीं दिसून आलें. आतां आंवेंतहि रक्त पडतें आणि मूळव्याधींतहि पडतें. ज्याची 'मूळव्याध' कुड्यानें हटकून बरी झाली, त्याला मूळव्याधच होती कीं आंव, हें त्या काळीं कोणी तपासलें असेल?

जुन्या ग्रंथांकडे वळलें म्हणजे एक आश्चर्य वाटतें. आपण ज्या विषयावर बोलण्यास लाजतों त्यावर चरक व सुश्रुत यांनीं विस्तारानें, कसलाहि संकोच न बाळगतां लिहिलें आहे. 'अर्श' या शब्दाची फोडच मुळीं शत्रूप्रमाणें पीडा देणारा अशी केलेली आहे. सुश्रुतानें औषध, क्षार, अग्नि व शस्त्र असे चार उपाय सांगितले, आणि कोणत्या मोडास कोणता उपाय हें मोडाचा मऊपणा, कठीणपणा, मुळाची जाडी यांवरून ठरविलें. चरकानें ताकाची थोरवी गाइली. ताकानें गेलेले मोड पुन्हां उगवत नाहींत असें तो म्हणतो. पण ही थोरवी मुख्यतः वातकफाच्या अर्शांसाठीं होती. रक्त पडणाऱ्या अर्शाचा विचार त्यानें वेगळा केला आहे, आणि सुरणाचे गोडवे गाणाऱ्या भावप्रकाशानेंहि रक्तपित्ताच्या रोग्यास सुरण हितकर नाहीं असें बजावलें आहे. घरगुती वैद्यकानें हा भेद ठेवला नाहीं. मोड दुखत असोत कीं रक्त वाहत असो, सुरण आणि ताक ठरलेलेंच.

याहूनहि महत्त्वाची एक गोष्ट परंपरेंत हरवली. रक्तार्शांत प्रथम जें रक्त पडतें तें दूषित असतें, तें एकदम अडवूं नये, अडविल्यास दुसरे विकार उठतात, असें चरकाचें मत आहे. आजचें शास्त्र हें दूषित रक्ताचें मत मानीत नाहीं. परंतु चरकानें या उपेक्षेला तेथेंच एक सीमा घातली होती: रोग्यास धोका पोंचत नाहीं तोंवरच वाट पाहावी, काळ, रोग्याचें बळ आणि रक्ताचा वर्ण यांकडे नजर ठेवावी, आणि बळ खचूं लागतांच रक्त थांबवावें. वाट पाहण्याची मुभा आणि तिची मर्यादा एकाच प्रकरणांत, एकाच वैद्यानें सांगितलेली. पुढें लोकांच्या तोंडीं काय राहिलें? तर वाईट रक्त जातें तें बरेंच, अंग हलकें होतें, एवढेंच. मर्यादेचें वाक्य ग्रंथांत राहिलें.

मर्यादा ओलांडलेला रोगी दिसतो कसा, हेंहि त्यांनीं सांगून ठेवलें आहे. वाग्भटानें आणि त्याच्यामागून माधवनिदानानें रक्तक्षयानें खंगलेल्या अर्शरोग्यास बेडकाची उपमा दिली. वर्ण उतरलेला, बळ व उत्साह गेलेला, इंद्रियें मलिन झालेलीं. पहिल्या पावसांत वेंगुर्ल्याच्या मळ्यांतून ओरडणारे पिवळेजर्द बेडूक ज्यानें पाहिले आहेत त्याला ही उपमा समजावून द्यावयास नको. हातपाय, तोंड व बेंबी यांवर सूज आणि हृदयांत वेदना, हीं असाध्यतेचीं लक्षणें म्हणून सांगितलीं आहेत. अतिशय रक्तक्षयानें हृदय थकलें म्हणजे सूज येते व धाप लागते हें आजचा डॉक्टरहि सांगेल. कारणमीमांसा जुनी झाली तरी डोळ्यांनीं पाहिलेलें जुनें होत नाहीं.

हा समज आपल्याच लोकांचा होता असें मात्र कोणी समजूं नये. ग्रीक वैद्यकांत हिपोक्राटीसच्या नांवावर असलेल्या सूत्रांत, जुनाट मूळव्याध बरी करतांना एक मोड राखून ठेवावा, नाहीं तर जलोदर किंवा क्षय होण्याचें भय असतें, असा उपदेश आहे. शरीरांतील दोष बाहेर पडण्याची ती एक मोरी आहे आणि मोरी बुजविल्यास घरांत घाण साठते, ही कल्पना युरोपांत दीड-दोन हजार वर्षें टिकली. एकोणिसाव्या शतकांत ती जिवंत होती, आणि तिनें एका जगप्रसिद्ध मनुष्याच्या मृत्यूस हातभार लावला. त्या मनुष्याचा आपल्या महाराष्ट्राशीं संबंध आलेला असल्यामुळें ती हकीकत जरा सविस्तर देतों.

डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन हें नांव शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. परंतु तो मुंबईस दोनदां येऊन राहिला होता हें थोड्यांना ठाऊक असतें. 1864 सालीं आपली 'लेडी न्यासा' नांवाची लहानशी आगबोट त्यानें झांजिबारहून अरबी समुद्र ओलांडून स्वतः चालवीत आणली आणि जून महिन्यांत, पावसाळा अंगावर येत असतां, तो मुंबई बंदरांत शिरला. तेथून तो विलायतेस गेला. आफ्रिकेंतील वर्षानुवर्षांच्या हगवणी, ताप व प्रवास यांनीं त्याला मूळव्याधीनें जखडलें होतें आणि रक्त पुष्कळ जात असे. विलायतेंत त्याला शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. तो त्यानें नाकारला. अंथरुणावर पडून राहण्यास वेळ नाहीं हें एक कारण, आणि दुसरें, आपलें असलें दुखणें वर्तमानपत्रांतून लोकांच्या तोंडीं होईल हा संकोच. सिंहाच्या जबड्यांत सांपडून दंड मोडून घेतलेला हा पुरुष. पण या एका रोगाचा उच्चार त्याला सोसवेना! त्याला अगदींच मूर्ख ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. क्लोरोफॉर्म निघालेला होता, परंतु लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया 1867 सालीं प्रसिद्ध झाली. 1864 मध्यें चाकूखालीं जाणें म्हणजे जखम सडण्याचें भय पत्करणेंच होतें. तरीहि तो स्वतः डॉक्टर होता, आणि वैद्यांपासून हजारों मैल दूर आपण कोठें चाललों आहोंत हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक होतें?

1865 च्या सप्टेंबरांत तो पुन्हां मुंबईस आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर त्याचा चाहता होता. त्या वेळीं नाशिकजवळ शरणपूर येथें चर्च मिशनरी सोसायटीची एक वसाहत होती. आरबांच्या गुलामवाहू गलबतांतून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकन मुलें तेथें ठेवून त्यांना लिहावाचावयास व सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. यांपैकीं नऊ तरुण लिव्हिंग्स्टननें बरोबर घेतले. मुंबईस डॉक्टर विल्सन यांच्या शाळेंत ठेवलेला चुमा हाहि निघाला. 3 जानेवारी 1866 रोजीं ही मंडळी मुंबई सोडून झांजिबारकडे गेली. पुढच्याच वर्षीं आफ्रिकेच्या रानांत एका पळपुट्या हमालानें त्याची औषधांची पेटी नेली. आपणास मृत्युदंडच झाला असें त्या दिवशीं त्याला वाटलें.

त्याच्या रोजनिशींतील 1873 च्या आरंभींच्या नोंदी मीं जेव्हां वाचल्या तेव्हां चरकाच्या त्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. दलदलींतून, कंबरभर पाण्यांतून तो चालला आहे. रक्त पुष्कळ जात आहे. आणि ही आपली बचावाची झडप आहे, तीमुळें ताप वगैरे कांहीं येत नाहीं, असें तो समाधानानें लिहितो! ग्लासगोस वैद्यकीची पदवी घेतलेल्या मनुष्याचें हें लिहिणें आणि वेंगुर्ल्याच्या माजघरांतील म्हातारीचें बोलणें यांत शब्दांखेरीज भेद काय? 10 एप्रिलला मात्र भाषा बदलते. 31 मार्चपासून सारखा रक्तस्राव चालू आहे, आपण पांढरेफटक व निःसत्त्व झालों आहोंत, असें त्यानें लिहिलें आहे. आतां बसवत नाहीं, गाढवावरून खालीं पडतो, डोलींत घालून नेतात. 27 तारखेची त्रोटक नोंद ही शेवटची. 1 मे 1873 च्या पहांटे चितांबो नांवाच्या मुखियाच्या गांवीं, खाटेजवळ गुडघे टेकलेल्या स्थितींत तो मृत आढळला.

सोबत्यांनीं जें केलें तें अपूर्व आहे. प्रेत स्वदेशीं पोंचवावयाचें ठरवून त्यांनीं तें उघडलें. हृदय व आंतडीं तेथेंच झाडाखालीं पुरलीं. त्या वेळीं नाशिकचा विद्यार्थी जेकब वेनराइट यानें प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या सालीवर अक्षरें कोरलीं. मागाहून मदतीस आलेल्या तुकडींतून तो आला होता. प्रेत उन्हांत वाळवून, झाडाच्या सालींत व शिडाच्या कापडांत गुंडाळून, हजारांहून अधिक मैल खांद्यावरून समुद्रकांठापर्यंत आणलें गेलें. आणि 18 एप्रिल 1874 रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन झालें तेव्हां शवपेटीचे मानकरी म्हणून उभे राहिलेल्यांत हा शरणपूरचा तरुण होता. नाशिककरांनीं त्याची आठवण ठेवावयास हवी होती.

आपल्या विषयास धरून पाहावयाचें तें त्या उघडलेल्या प्रेतांत सांपडलेलें. पोटाच्या डाव्या बाजूस पंजाएवढी रक्ताची गांठ होती. एवढी गांठ निव्वळ मूळव्याधीनें होत नाहीं. ती आंवेची, दुसऱ्या एखाद्या जंतूची कीं आंतड्यांतील आणखी कशाची, याचा निकाल आतां लागणें शक्य नाहीं. पण इतकें खरें कीं, रक्त कोठून येतें या प्रश्नाचें उत्तर त्यानें एकदां ठरवून टाकलें आणि पुन्हां तो प्रश्न विचारला नाहीं.

वेंगुर्ल्याच्या रोग्याची स्थिति त्या काळीं लिव्हिंग्स्टनपेक्षां फार बरी होती असें नाहीं. मुंबईस जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 पासून होतें खरें. पण तेथें जावयाचें तें समुद्रानें, आणि पावसाळ्यांत बंदर बंद. आषाढांत रक्त पडूं लागलें तर नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत वाट पाहणें भाग. गांवांत शस्त्रवैद्यक आलें तें अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या द्वारें. मिशनच्या रुग्णालयांत डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अनेक वर्षें काम केलें. त्यांचा वेंगुर्ल्यास 1919 सालीं जन्मलेला मुलगा पुढें प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 पासून 1980 पर्यंत अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीस होता. गांवाला या गोष्टीचा अभिमान वाटणें साहजिक आहे. दवाखाना दारांत आला, म्हणून लाज गेली असें मात्र झालें नाहीं. हा रोग घेऊन दवाखान्याची पायरी चढणारा अजूनहि बहुधा शेवटीं चढतो, आणि तोंवर एस. टी. स्थानकाशेजारच्या भिंतीवरील 'बिनऑपरेशन, हमखास' अशा पाटीखालीं दोन-चार इंजेक्शनें घेऊन आलेला असतो. असल्या ठिकाणीं काय टोंचलें हें रोग्यास कळत नाहीं. जखम चिघळून वाट आवळून गेल्याचीं उदाहरणें शल्यवैद्य सांगतात.

मग चरकाची ती मर्यादा आजच्या भाषेंत कशी मांडावी? साध्या मूळव्याधीचें रक्त लालभडक असतें, शौचाच्या शेवटीं थेंब थेंब किंवा चिळकांडीनें पडतें, मळावर वरून लागतें, आणि बहुधा दुखत नाहीं. फार दुखलें तर चीर असण्याचा संभव अधिक. अशा वेळीं कोंड्याचें अन्न, पालेभाज्या, इसबगोल, भरपूर पाणी आणि शौचास कुंथत न बसणें, एवढ्यानें पुष्कळांचें भागतें. मोबाइल हातांत घेऊन शौचकूपांत अर्धा तास बसणें ही या काळानें त्यांत घातलेली नवी भर. परंतु रक्त मळांत मिसळून येत असेल, सोबत शेंबूड पडत असेल, शौचाची नेहमींची रीति बदलून कित्येक आठवडे झाले असतील, पोट साफ झालें असें वाटतच नसेल, वजन उतरत असेल किंवा घरांत कोणास आंतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर मूळव्याध आहे हें माहीत असूनहि आंतडें दुर्बिणीनें पाहून घ्यावें. कारण मूळव्याध असणारास कर्करोग होत नाहीं असा कोठें करार नाहीं. पंचेचाळिशी उलटलेल्यानें तर प्रथमच रक्त दिसलें तरी जावें, आणि तरुणानेंहि वयाच्या भरंवशावर राहूं नये. मळ डांबरासारखा काळा व चिकट झाला तर रक्त वरून, जठराकडून येत आहे असें समजावें. लोहाच्या गोळ्यांनींहि मळ काळा होतो, पण तो भेद डॉक्टरनें करावयाचा. गांठी पडणें, भोंवळ, छातींत धडधड, उभें राहतांच डोळ्यांपुढें अंधेरी, यांपैकीं कांहींहि झालें तर सकाळची वाट पाहूं नये. रक्त पातळ करणारीं औषधें घेणारास ही गोष्ट दुप्पट लागू.

आणि ज्यांचें रक्त थोडें थोडें, पण वर्षानुवर्षें जातें, त्यांचें काय? येथें बेडकाची उपमा पुन्हां उपयोगी पडते. अशक्तपणा, जिना चढतांना धाप, फिकट नखें, हें सगळें हळूहळू येतें म्हणून घरच्यांच्या लक्षांत येत नाहीं, आणि बायकांच्या बाबतींत तर बाळंतपणानंतर असें होतेंच म्हणून सोडून दिलें जातें. रक्ताची एक साधी तपासणी यास पुरते. हिमोग्लोबिन पुरुषांत 13 च्या व स्त्रियांत 12 च्या खालीं असल्यास रक्तक्षय समजतात. तो सांपडल्यावर नुसतें लोह देऊन थांबणें म्हणजे गळक्या घागरींत पाणी ओतणें होय.

उपायांची भीति पूर्वीं होती तितकी आतां बाळगण्याचें कारण उरलें नाहीं. मोडाच्या मुळाशीं रबराचें लहानसें कडें बसविण्याची युक्ति 1960 च्या सुमारास रूढ झाली. तींत बेशुद्ध करावें लागत नाहीं व रोगी त्याच दिवशीं घरीं जातो. इकडे काशी हिंदू विश्वविद्यालयांत डॉक्टर देशपांडे यांनीं जुन्या ग्रंथांतील क्षारसूत्र पुन्हां प्रचारांत आणलें, आणि भगंदरावर तें विशेष उपयोगी ठरलें. परंतु या सर्वांच्या आधीं पाहणें येतें. तें पाहण्याचें यंत्र सुश्रुतानें वर्णिलें आहे: लोखंड, हस्तिदंत, शिंग किंवा लांकूड यांचें, चार अंगुळें लांब, गाईच्या सडाच्या आकाराचें, पाहण्यासाठीं दोन फटींचें आणि काम करण्यासाठीं एका फटीचें. आज सरकारी रुग्णालयांत डॉक्टर जें वापरतो तें पोलादाचें वा प्लॅस्टिकचें असतें. लांबी जवळजवळ तेवढीच, आणि तपासणीस पांच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.